कॅन्सरचे उपचार संपल्यावर नवरा-बायकोने एकमेकांचा ताण कसा हलका करावा

शेवटचा लाईट (रेडिएशन) झाला, डॉक्टरांनी ‘आता तीन महिन्यांनी या’ असं सांगितलं, की माणसं दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडून गावाला येतात. फाइल कपाटात जाते. शेजारीपाजारी ‘सुटलास बाबा एकदाचा’ म्हणतात. घरातल्यांनाही वाटतं की आता सगळं पूर्वीसारखं सुरू होईल. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशा जोडप्यांशी बोलताना माझ्या कानावर येतं ते वेगळंच. उपचार चालू असताना दोघं एकजुटीने उभे असतात, कारण रोजचं काम ठरलेलं असतं: रक्त तपासायचं, रांगेत नंबर लावायचा, केमोनंतर उलट्या सांभाळायच्या. खरी ओढाताण घरी आल्यावर दोन-चार महिन्यांनी सुरू होते. थकवा जात नाही, झोप लागत नाही, उसनवारीचा हिशेब समोर येतो आणि दोघंही एकमेकांना जपायच्या नादात गप्प होतात.

या काळात काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे लिहिते आहे. आजार नवऱ्याचा असो वा बायकोचा, लेख दोघांनी वाचावा. शक्य झालं तर एकत्र बसून वाचावा.

नात्याचा शरीराशी काय संबंध?

ताण आला की शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन सोडतं. प्रसंग टळला की त्यांची पातळी खाली यायला हवी. घरात सतत धुसफूस असेल किंवा भीती मनात दाबून ठेवलेली असेल, तर ती नीट खाली येत नाही. झोप मोडते, रक्तदाब चढतो आणि शरीरात बारीक दाह (आतली सूज) चालू राहतो. हा दाह रक्ताच्या तपासणीत सीआरपीसारख्या घटकांवरून कळतो. उपचारांनंतर महिनोन्‌महिने न जाणारा थकवा, हृदयविकार, मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध आढळलेला आहे.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने 2005 मध्ये 42 जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या हातावर मुद्दाम बारीक फोड आणून जखम किती दिवसांत भरते ते पाहिलं. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात सतत कडवटपणा होता, त्यांच्या जखमा बाकीच्यांच्या तुलनेत 60 टक्के वेगानेच भरल्या. त्याच विद्यापीठातून 2020 मध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर येणाऱ्या 139 स्त्रियांचा अभ्यास आला. नात्यात समाधानी असलेल्या स्त्रियांना ताण कमी जाणवत होता आणि त्यांच्या रक्तातला दाहही कमी होता. मला त्यातली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. एकाच स्त्रीच्या बाबतीत, ज्या भेटीच्या वेळी ती नात्याबद्दल नेहमीपेक्षा समाधानी होती, त्या वेळी तिचा ताण आणि दाहही तिच्या नेहमीच्या मानाने कमी होता. म्हणजे संसार आधीपासून आदर्श असायला हवा असं काही नाही. आहे त्या संसारात थोडा फरक पडला तरी शरीराला तो कळतो.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. भांडणामुळे कॅन्सर झाला किंवा तो उलटला, असं कोणत्याही अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही. ‘तुझ्या टेन्शनमुळे मला हे झालं’ हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा. मनातल्या मनातही म्हणू नका. ताण कमी करायचा तो रोजचं जगणं, झोप, ताकद आणि औषधपाण्याची शिस्त सुधारावी म्हणून.

पायरी 1: डॉक्टरांसमोर दोघांनी बसा

उपचार संपताना किंवा पहिल्या फॉलोअपला एकाने बाहेर बाकावर आणि दुसऱ्याने आत, असं करू नका. आपल्याकडे बायको रुग्ण असली की डॉक्टर नवऱ्याशी बोलतात आणि नवरा बाहेर येऊन तिला अर्धंच सांगतो. उरलेलं अर्धं ती स्वतःच्या कल्पनेने भरून काढते, आणि ते प्रत्यक्षापेक्षा हमखास भयंकर असतं. एका वहीत हे प्रश्न लिहून न्या:

- थकवा किती महिने राहील, आणि किती झाला तर दाखवायला यायचं?
- पुढची गोळी किती वर्षं? तिचे त्रास काय? (स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनची, म्हणजे हार्मोनला रोखणारी, गोळी बऱ्याचदा 5 ते 10 वर्षं असते. अंगात वाफा येणं, सांधे धरणं, चिडचिड हे त्या गोळ्यांचे त्रास असू शकतात.)
- कोणती लक्षणं दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं?
- कोणती कामं करायची, कोणती टाळायची?
- शरीरसंबंध कधीपासून चालतील?

शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते हे मला माहीत आहे. कागदावर लिहून डॉक्टरांपुढे सरकवला तरी चालतो. वाफा आणि चिडचिड गोळीमुळे आहे हे नवऱ्याला एकदा डॉक्टरांच्या तोंडून कळलं, की घरातले निम्मे वाद तिथेच मिटतात, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

पायरी 2: लपवालपवी थांबवा

या लेखातलं दुसरं काहीच जमलं नाही तरी चालेल, पण एवढं करा.

कणकवलीकडच्या एका घरातली गोष्ट. बायकोचं स्तनाचं ऑपरेशन, केमो, लाईट सगळं झालेलं. ती रात्री उठून पडवीत जाऊन बसायची, नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून पाय न वाजवता. तो जागाच असायचा, पण तिला वाटू नये म्हणून डोळे मिटून पडायचा. सकाळी त्याने विचारलं, तर ती म्हणे, ‘माका काय होऊक नाय.’ तिने विचारलं, तर तोही तेच. दोघांच्या मनात भीती एकच होती, आणि दोघंही ती एकेकटे वाहत होते.

काळजीपोटी केलेल्या अशा लपवण्यावर बराच अभ्यास झाला आहे. लपवणाऱ्याचा ताण वाढतो आणि ज्याच्यासाठी लपवलं त्याचाही कमी होत नाही, असंच त्यातून पुन्हा पुन्हा दिसतं. समोरच्याला चेहऱ्यावरून कळतंच. कारण मात्र कळत नाही, मग तो भलतंच कारण धरून बसतो: ‘मी आता हिला नकोसा झालो’, ‘ह्यांना माझा कंटाळा आला’.

यासाठी एक साधी रीत घालून घ्या. दिवेलागणीनंतर किंवा जेवण आटोपल्यावर वीस मिनिटं. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आधी एकाने बोलायचं, मग दुसऱ्याने. ऐकणाऱ्याने मध्ये तोडायचं नाही, आणि काही सुचवण्याआधी विचारायचं: ‘उपाय सांगू, की नुसतं ऐकू?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नुसतं ऐक’ असंच येतं. आपले पुरुष इथे अडतात, कारण अडचण ऐकली की तिची सोय लावणं हेच आपलं काम, असं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

काय म्हणू नये? ‘काही होत नाही गं’, ‘पॉझिटिव्ह राहा’, ‘त्या अमक्याला बघ, तो कसा टुणटुणीत झाला’. भीती सांगणाऱ्याला यातून एवढंच कळतं की इथे बोलायची सोय नाही. त्याऐवजी ‘मलापण भीती वाटते’ एवढं म्हटलं तरी पुरतं. देवावर भरवसा असेल तर देवळात दोघं मिळून जा, गाऱ्हाणं घाला. मात्र ‘देवावर सोड आणि गप्प बस’ असं एकाने दुसऱ्याला सांगू नका.

समोरासमोर बसून बोलायची सवय नसेल तर हातात काम घेऊन बसा. कोकमं फोडताना, शेंगा सोलताना, संध्याकाळी खाडीच्या बाजूने चालताना नजर दुसरीकडे असते, आणि माणूस जे ओटीवर बोलत नाही ते तिथे बोलतो. जिभेच्या किंवा गालाच्या ऑपरेशननंतर बोलणं अस्पष्ट झालं असेल तर वही ठेवा. वाक्य समजलं नाही तर समजल्याचं नाटक करू नका, ‘परत सांगा’ म्हणा. समोरचा नुसती मान डोलावतो आहे हे बोलणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

एक सापळा वेगळा सांगते, कारण कोकणात तोंडाच्या कॅन्सरची घरं खूप आहेत. नवऱ्याची तंबाखू सुटलेली असते, पण बायकोला धाकधूक असते. ती खिसे तपासते, विचारते. तो चिडून बाहेर निघून जातो. ती आणखी मागे लागते, तो आणखी लांब जातो. एकाने मागे लागायचं आणि दुसऱ्याने टाळायचं, या फेऱ्यात अडकलेल्या जोडप्यांमध्ये दोघांचाही मानसिक त्रास जास्त असतो, हे कॅन्सरच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत आढळलं आहे. यावर तोडगा असा की विषयाला वेळ ठरवून द्यायची. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, त्याने आपणहून सांगायचं: ओढ लागली का, कधी लागली, काय केलं. बाकीचे सहा दिवस तिने विचारायचं नाही. तलफ आवरत नसेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तिथे बोलायचं काम त्याचं, तिचं नाही. घरात कुणी मिसरी लावत असेल तर तीही बंद करण्याचा विषय याच वेळी काढावा.

पायरी 3: मदत विचारून करा, आणि थोडी न दिसता करा

घरी आल्यावर दोन टोकं दिसतात. एका घरात बायको आठवड्याभरात चुलीपुढे उभी, कारण ‘आता बरी झाली ना’. दुसऱ्या घरात तिला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. दुसऱ्या टोकातही माणूस खचतो, कारण आपण आता कुणाच्याच उपयोगाचे नाही असं त्याला वाटू लागतं.

म्हणून कामांची यादी करा आणि प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक लिहा: मी करीन, तू कर, दोघं मिळून. यादी दर महिन्याला बदला, कारण ताकद बदलते. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते. विळीची कापणी, काटे, भाजणं यांपासून तो हात जपायचा. काजूच्या मोसमात तर हातमोजा हवाच, कारण बियांच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. लावणीला चिखलात उतरायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, जखम असताना उतरू नका. वजन उचलणं मात्र कायमचं बंद करायला नको. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवलेला व्यायाम त्या हाताला चालतो.

1999-2000 च्या सुमाराला अमेरिकेत नायल बोल्जर यांच्या गटाने परीक्षेच्या ताणात असलेल्या जोडप्यांचा अभ्यास केला. मदत झाली, पण घेणाऱ्याच्या ती लक्षात आली नाही, अशी मदत त्यांना सर्वांत गुणकारी दिसली. घरात त्याचा अर्थ सोपा आहे. ‘बघ, तुझ्यासाठी मी विहिरीवरून पाणी आणलं’ असं न म्हणता हंडा भरून ठेवायचा. गोळ्या संपायच्या आधी आणून डब्यात टाकायच्या. आजारी माणसाला उपकाराचं ओझं वाटतं, ते असं थोडं कमी होतं.

चालणं दोघांनी मिळून सुरू करा. आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास मध्यम वेगाने चालल्याने कॅन्सरनंतरचा थकवा, चिंता आणि उदासी कमी होते, याला चांगला आधार आहे. थकव्यावर पडून राहणं हा उपाय नाही, हे लोकांना पटत नाही, पण खरं आहे. अर्ध्या तासाची ताकद नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. पावसाळ्यात पडवीत फेऱ्या मारा.

पायरी 4: जेवणाचं ताट

तोंडाचं ऑपरेशन आणि लाईट झालेल्या माणसाचा सगळ्यात मोठा ताण ताटावर असतो. लाळ आटते, तोंड उघडत नाही, तिखट लागलं की आग होते. माशाशिवाय घास न उतरणाऱ्या घरात हे सोसणं अवघड आहे. बायको त्याच्यासाठी वेगळी पेज करते, तो आतल्या खोलीत एकटा जेवतो, कारण ओठांतून गळतं त्याची लाज वाटते. हळूहळू दोघांचं एकत्र बसणंच संपतं. त्या घरात दिवसातून एवढीच एक वेळ समोरासमोर येण्याची होती, तीही गेली.

पंगत मोडू देऊ नका. गुरगुट्या भात आणि पातळ कुळथाची पिठी, दोघांच्याही ताटात तेच. आठवड्यातून काही दिवस तरी. ओले बोंबील मऊ असतात, ते बिनतिखटाच्या नारळाच्या रसात शिजवून मधला काटा काढून द्यावेत. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं सध्या लांब ठेवा. सोलकढीचा आंबटपणाही सुरुवातीला झोंबतो, ती बेताने. प्रत्येक घासाबरोबर घोटभर पाणी, गुडघ्यावर रुमाल, आणि पहिले काही महिने बाहेरचं कुणी पंगतीला नाही. तोंड उघडण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची. हा व्यायाम कंटाळवाणा आहे. बायको शेजारी बसून काड्या मोजत असेल तर तो होतो, नाहीतर आठवड्यात सुटतो. गिळताना ठसका लागत असेल, वजन उतरत असेल, तर घरगुती उपाय न करता दाखवा.

पायरी 5: बघायला येणारे, घरातले, आणि मुंबईतला नवरा

गावात माणसं बघायला येतात ती मायेने. पण ‘अमक्याचा परत उलटला’ ही बातमीही तीच माणसं आणतात. दोघांनी मिळून एक खूण ठरवा. रुग्णाने खूण केली की जोडीदाराने उठून ‘आता आराम करायची वेळ झाली’ म्हणायचं. रुग्णाला स्वतः म्हणायला लागू नये. त्यात वाईटपणा आला तर तो जोडीदाराने घ्यावा.

वेगळं ताट, वेगळा पेला, मुलांना जवळ न येऊ देणं हे प्रकार अजून दिसतात. कॅन्सर स्पर्शाने, उष्ट्याने किंवा शरीरसंबंधाने पसरत नाही. हे सासू-सासऱ्यांना सुनेने सांगून उपयोग नाही, मुलाने सांगावं. आणि सांगण्यापेक्षा तिच्या ताटातला घास स्वतः खाऊन दाखवावा.

अमेरिकेत 2009 मध्ये गंभीर आजाराच्या 515 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. बायको आजारी असलेल्या जोडप्यांपैकी 20.8 टक्के विभक्त झाली. नवरा आजारी असलेल्यांपैकी फक्त 2.9 टक्के. आपल्याकडे कागदोपत्री घटस्फोट होत नाही, बाईला ‘थोडे दिवस विश्रांतीला’ माहेरी पाठवतात आणि ते थोडे दिवस संपत नाहीत. माहेरी जायचं तर परत यायची तारीख ठरवून जावं, आणि न्यायला नवऱ्याने स्वतः यावं.

नवरा चाकरमानी असेल, तो मुंबईत आणि ती गावात, तर फोनचा वेळ ठरवून ठेवा. ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ याच्या पुढे एक प्रश्न विचारायचा: ‘आज दिवसात कुठली वेळ जड गेली?’ पावसात रेंज जाते, तेव्हा बोलणं झालं नाही याचा अर्थ राग असा लावू नये, हेही आधीच बोलून ठेवा. रजा गणपती-शिमग्यात संपवून टाकण्यापेक्षा दोन दिवस फॉलोअपच्या तारखेसाठी राखून ठेवा.

पायरी 6: जवळीक

यावर कुणी बोलत नाही, आणि म्हणूनच इथे जरा थांबून लिहिते.

उपचारांनंतर इच्छा कमी होणं, दुखणं, आपल्याच शरीराची लाज वाटणं हे अगदी नेहमीचं आहे. बायको आरशासमोर कपडे बदलत नाही, दिवा मालवते. नवरा हात लावत नाही, कारण तिला दुखेल अशी त्याला भीती असते. ती समजते, आता मी त्यांना आवडत नाही. यावर उपाय बोलण्याचाच आहे: ‘दुखेल म्हणून मी लांब राहतो, मन नाही म्हणून नव्हे.’ हे तोंडाने म्हणावं लागतं. न बोलता कळत नाही.

सुरुवात नुसत्या स्पर्शाने करा, आणि आधीच ठरवा की आज याच्या पुढे जायचं नाही. पुढे काय होईल हा घोर नसला की अंग सैल सोडता येतं. पायाला खोबरेल चोळून देणं, नवे केस उगवत असलेल्या डोक्याला हलक्या हाताने तेल लावणं, हात हातात घेऊन पडून राहणं. 2006 मध्ये अमेरिकेत जेम्स कोन यांनी 16 विवाहित स्त्रियांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. विजेचा हलका झटका बसणार या धास्तीत असताना नवऱ्याने हात धरला की मेंदूतली धोक्याची हालचाल कमी झाली, आणि नातं जितकं चांगलं तितकी जास्त कमी झाली. केमोमुळे तळपायाला मुंग्या येत असतील तर आधी विचारून, हलकेच चोळा. लाईट दिलेल्या जागेवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीच लावू नका.

केमोनंतर किंवा हार्मोनच्या गोळ्यांमुळे योनीत कोरडेपणा येतो आणि संबंध दुखरे होतात. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित जेली मिळते, ती वापरा. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटतो. हार्मोन असलेली मलमं स्तनाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. केमो चालू असताना आणि टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनची गोळी चालू असताना गर्भ राहू देऊ नये, त्यासाठी कोणतं साधन वापरायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी लाईट घेतलेल्या स्त्रियांना योनीमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर (मार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत नळी) वापरायला शिकवतात. शिकवला नसेल तर विचारा. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषाला ताठरता परत यायला कित्येक महिने लागतात, कधी दोन वर्षंही. त्यावर औषधं आहेत. त्याला कमीपणा वाटून तो चिडका होतो आणि बायकोला कारण कळत नाही.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा एचपीव्ही हा विषाणू असतो, हे वाचून काही घरांत संशय शिरतो. हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो आणि अनेक वर्षं शरीरात गुपचूप राहू शकतो. तो कधी आणि कुणाकडून आला हे कुठल्याच तपासणीने सांगता येत नाही. त्यावरून चारित्र्याचा निवाडा करू नका.

एकत्र कुटुंबात माजघरात सगळे शेजारी शेजारी झोपतात, तिथे हे सगळं जमायचं कसं? मुलांना काही दिवस आजीकडे झोपवा, आणि घरातल्या मोठ्यांना ‘हिला शांत झोप लागायला हवी, डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढंच सांगून एक खोली मागून घ्या.

पायरी 7: तपासणीच्या आधीचे आठ दिवस

फॉलोअप जवळ आला की घरात वातावरण तापतं. मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवलं जातं, आणि मूळ कारण तारीख असते. कॅलेंडरवर त्या आठवड्याला आधीच खूण करा आणि त्या दिवसांत घरातले वादाचे विषय, म्हणजे पैसे, जमिनीची वाटणी, मुलांची लग्नं, काढू नका.

प्रवासाची आखणीही ताण कमी करते. कॅन्सरच्या रुग्णाला उपचार किंवा तपासणीच्या प्रवासासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीच्या मूळ भाड्यात पूर्ण सवलत आहे, सोबत्याला 75 टक्के. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, ते उपचार चालू असतानाच करून घ्या. परळला टाटाला जायचं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे राहण्याची चौकशी करा. प्रत्येक वेळी मुंबई गाठायलाच हवी का, हेही विचारा. काही तपासण्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात, सिंधुदुर्गकरांना गोव्यात बांबोळीला होऊ शकतात. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी लांबलेल्या तपासण्या 1 जून ते 31 जुलैच्या बंदीत बसवाव्यात, तेव्हा घरचा माणूस मोकळा असतो. पण डॉक्टरांनी दिलेली तारीख बंदीसाठी पुढे ढकलू नका.

पैशाचं एकच सांगते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून किती खर्च भागला, उसने किती, दागिने कुठे, हे दोघांनाही माहीत असावं. एकाने एकट्याने कर्ज लपवून ठेवलं की ते पुढे निघतंच, आणि तेव्हा विश्वासही जातो.

पायरी 8: सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतं?

1999 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, आजारी जोडीदाराची सेवा करताना ज्या वृद्ध माणसांना ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचा धोका 63 टक्क्यांनी जास्त होता. सांभाळणाऱ्याचा बीपी, शुगर, झोप याच वहीत लिहा. नवऱ्याच्या फॉलोअपला गेलेली बायको स्वतःचा बीपी तपासून न घेताच परत येते, हे नेहमीचं चित्र आहे. आठवड्यातून एक दुपार तिची. बहीण, जाऊ, शेजारीण यांच्यापैकी कुणीतरी त्या वेळी घरात बसेल असं पक्कं ठरवा. मदतीला माणसं असतात, पण त्यांना वार आणि वेळ सांगावी लागते.

जोडीदार नसलेल्यांनी हे वाचून खट्टू होऊ नये. अमेरिकेत 2013 मध्ये सुमारे 7 लाख 35 हजार रुग्णांच्या नोंदींवरून विवाहितांचं कॅन्सरने मरण्याचं प्रमाण 20 टक्क्यांनी कमी दिसलं. विवाहितांचा आजार लवकर सापडला होता आणि त्यांनी उपचार पूर्ण केले होते, असंही त्याच नोंदींत दिसलं. दवाखान्यात ओढून नेणारं आणि तारीख लक्षात ठेवणारं माणूस भाऊ, भाची किंवा मैत्रीणही असू शकतं.

पायरी 9: बाहेरची मदत कधी घ्यायची

दोन आठवडे सलग उदास वाटणं, कशातच मन न लागणं, झोप-भूक उडणं, ‘माझं ओझं झालंय’ असं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. रुग्णाला असो की सांभाळणाऱ्याला. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव देण्याचं बोलणं निघालं तर माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत समुपदेशक आणि समाजसेवक असतात, फॉलोअपच्या दिवशी त्यांची वेळ मागता येते. दोघांनी मिळून जावं, आणि एकजण तयार नसेल तर दुसऱ्याने एकट्याने जावं.

मारहाण, दारू पिऊन शिवीगाळ, औषधाला पैसे न देणं, हा नात्यातला ताण नव्हे, हा छळ आहे. तिथे वीस मिनिटं बोलायची रीत लावून काही होणार नाही. 181 ही महिला हेल्पलाइन आहे. माहेरच्या विश्वासू माणसाला सगळं सांगा, आणि फाइल, गोळ्या, आधार कार्ड, रेशन कार्ड एका पिशवीत हाताशी ठेवा, म्हणजे घर सोडावं लागलं तरी उपचार चुकणार नाहीत.